दम तुटला की बाहेर

प्रिय शेवंता,

तुला जाऊन एक पावसाळा उलटला, आणि मी आज तुला पत्र लिहायला बसलेय. कारण ऐकशील तर हसशील. सावेडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझा गुडघा दाबून विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" दुखण्याला मार्क द्यायचे म्हणे! मी टेबलावरून उतरले, दारापर्यंत गेले आणि एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत परत आले. नर्स धावत आली. बाई पोट धरून हसल्या आणि ही कुठली तपासणी म्हणून विचारायला लागल्या. मी त्यांना तुझं नाव सांगितलं. दम टिकला बरं का माझा!

तुझीच ना ही तपासणी? बहात्तरच्या दुष्काळाआधी आपण बेलापुरात प्रवरेच्या काठी खेळायचो, तेव्हाची. तू आमची कप्तान. कुणी पडून कळवळली की बाकीच्या आंबेहळद उगाळायला धावायच्या आणि तू म्हणायचीस, आधी चाल. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, कबड्डी म्हणत. रडू आलं तर रड. दम टिकला तर ते नुसतं दुखणं, खेळायचं. पाय टेकताच दम तुटला तर आत काहीतरी बिघडलंय, बाहेर बसायचं.

किती छळलंस गं त्यावरून! राहुरीला माझा घोटा मुरगळला आणि तू मला ऐन सामन्यात बसवलंस. तुझी वेणी उपटायचीच काय ती बाकी ठेवली होती मी.

मग आली नगरची निवड. त्या एका सामन्यावरून राज्याच्या संघात जायच्या मुली ठरणार होत्या. आपल्या गावातून तिथवर कुणी पोचलं नव्हतं, आणि पोचलीच तर शेवंता, हे शेंबडं पोरही सांगत होतं. तुझ्या वडिलांनी तर आधीच पेढे सांगून ठेवले होते!

पहिल्या डावात चढाई करताना तुला चौघींनी धरलं आणि तुझा गुडघा वळला. मध्यंतरात हसत हसत आलीस आणि काही नाही म्हणालीस. मी म्हणाले, "चाल मग."

चाललीस. मध्येच खोकलीस आणि घशात धूळ गेली म्हणालीस. काय ते सोंग! बाकीच्यांना पटलंही. पण खोकल्याच्या आधीच तुझा दम तुटला होता.

जवळ येऊन तू हळूच म्हणालीस, "तू येकटीनंच ऐकलंय. गप ऱ्हा. आज न्हाई खेळले तर परत कोन बोलवनार हाय मला?"

तुझं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी म्हणाले, "शेवंते, बस खाली. नेम तूच केल्याला हाय."

तू बसलीस. मला शिव्या घालत बसलीस! आणि नंतर रेघेबाहेरून आम्हाला सूचना देताना असा आरडाओरडा केलास की पंचांनी तुला तंबी दिली. आपण हरलो. तुझी निवड झाली नाही. येताना एसटीत माझ्या शेजारची जागा सोडून तू ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलीस. एवढा राग? माझा गुन्हा तरी काय होता?

हाडवैद्य म्हणाला, आणखी एक चढाई केली असती तर पोरगी जन्माची लंगडी झाली असती. ते ऐकून तू माझ्याशी बोलायला लागलीस, पण बरोबर केलंस असं काही म्हणाली नाहीस. गुडघा मात्र झकास बरा झाला. पुढच्या वर्षी ऐन दुष्काळात तुला राज्याच्या संघाचं बोलावणं आलं आणि अख्खं बेलापूर स्टँडवर लोटलं! पेढ्यांना दूध कुठलं? तुझ्या वडिलांनी गूळ वाटला, आणि तोही लोकांनी चाटूनपुसून खाल्ला.

एसटीच्या पायरीवरून तू मागे वळलीस. "मंदे, येवढ्या कालव्यात माझा दम तुटल्याला तुला ऐकू गेला कसा गं?"

कंडक्टरनं घंटी मारली आणि उत्तर राहून गेलं. पुढे भेटलो तेव्हा आपण खिदळण्यातच वेळ घालवला. आता सांगते. सगळं मैदान ओरडत होतं, शेवंता, आणि मी फक्त तुलाच ऐकत होते.

इथल्या शाळेच्या मुली संध्याकाळी कबड्डी खेळतात. उद्यापासून मी त्यांच्या मैदानावर जाऊन बसणार. एखादी दुखणं लपवायला लागली की तिला बाहेर काढीन आणि तिच्या शिव्या आनंदानं खाईन. हा माझा शब्द.

तुझ्या शिव्यांना आसुसलेली,
मंदा