मुंबई बुडणार, मी नाही

१४ जानेवारी १९६८, रविवार
आजपासून रोज लिहायचं. कोयनेचा भूकंप होऊन महिना झाला आणि लोक खुशाल तिळगूळ खातायत. विचार कुणी करायचा? मीच. कच्छच्या भूकंपात सिंद्रीचा किल्ला जमिनीसकट खचला, वर समुद्र आला. अलास्कात परवापरवा किनारा पुरुषभर खाली गेला. आता पाळी कोकणपट्टीची, म्हणजे मुंबई आलीच. बायकोला सांगितलं. सुहासिनी म्हणाली, आधी बदली होऊ दे, मग बुडू.

१९ जानेवारी
साहेब म्हणाले, मुंबईची जागा रिकामी होतेय, पहिला नंबर तुमचा. कलकत्त्यात सहा वर्षं काढल्यावर! सुहासिनीने देवापुढे साखर ठेवली. तिचे आईवडील दादरला, थकलेले. शिवाय आमच्या लीनाला मराठी शाळा मिळेल म्हणते. बायकांना लांबचं दिसत नाही. मुंबई म्हणजे सहकुटुंब जलसमाधी. कलकत्ता कसं, समुद्रापासून चांगलं लांब.

२२ जानेवारी
श्यामरावांशी चर्चा. सेक्शनमधला दुसरा मराठी माणूस हाच. सीनियॉरिटीत माझ्या मागे, पण समज आहे. एकेक मुद्दा पटला त्यांना. म्हणाले, विनायकराव, इतका खोल विचार आमच्याच्याने व्हायचा नाही, साहेबांना लेखी कळवाच. असा निःस्वार्थी माणूस विरळा.

२५ जानेवारी
कळवलं. चार पानं, सोबत नकाशा. शेवटी 'सबब मुंबईस जाण्यास राजी नाही'. टायपिंग श्यामरावांनी स्वतः केलं. सुहासिनीला योग्य वेळी सांगेन.

२ फेब्रुवारी
योग्य वेळ आली नाही. ती शेजारच्या बंगाली बाईंना कुंड्या वाटत होती.

११ फेब्रुवारी, रविवार
इथल्या मराठी मंडळात भूकंपावर व्याख्यान, माझ्याच आग्रहाने. वक्ते गुरुदत्त नाडकर्णी, भूगर्भशास्त्रज्ञ. सुरुवात झकास. भूकंपाने किनारा खचतो म्हणाले. मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग गृहस्थ फिरले. म्हणे, ते सगळीकडे होत नाही. कोकणाखाली काळा पाषाण आहे, कोयनेच्या धक्क्याने तो काही समुद्रात जात नाही. खचायचीच काळजी असेल तर कलकत्त्याची करा, खाली नुसता गाळ आहे. लोक हसले, श्यामराव सर्वांत जास्त. सुहासिनी म्हणाली, बरं झालं बाई, आपण निघालोच. मी पाणी प्यायलो.

१२ फेब्रुवारी
अर्ज मागे घ्यायला गेलो. साहेबांना युनियनचा घेराव. खासगी काम आहे म्हटल्यावर आत सोडलं, मग बाहेर सोडेनात. साहेब म्हणाले, तुमचं टिपण इतकं मुद्देसूद की शिफारस करून वर पाठवलं. संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

२० फेब्रुवारी
ऑर्डर आली. मुंबईला श्यामराव. मला कलकत्त्यातच आणखी तीन वर्षं, 'स्वतःच्या विनंतीवरून'. श्यामरावांना जाब विचारला तर म्हणतात, बुडणाऱ्या जागेवर कुणीतरी जायलाच हवं, तुम्हाला कसं पाठवणार? केसाने गळा कापला. साहेबांनी दगा दिला, नाडकर्ण्यांनी दिला, त्या काळ्या पाषाणानेसुद्धा दिला. या जगात मी एकटाच सरळ.
सुहासिनीला सांगावं लागलं नाही. श्यामरावांची बायको पेढे घेऊन आली होती.

२१ फेब्रुवारी
सुहासिनीची बांधाबांध थांबलेली नाही. आज ना उद्या तिला माझं म्हणणं पटेल.

३ मार्च, रविवार
हावड्याला गेलो. श्यामरावांच्या बिऱ्हाडाबरोबर सुहासिनी आणि लीनाही निघाल्या. शाळेत नाव घालून झालंय, म्हाताऱ्यांजवळ राहीन, असं तिने सामान चढवताना सांगितलं. मी विचारलं, परत कधी? ती म्हणाली, समुद्र वर आला की तार करते. श्यामरावांनी खिडकीतून नमस्कार केला. गाडी गेल्यावरही मी तिथेच उभा होतो. हमाल म्हणाला, बाबू, बाजूला व्हा.