शेपटीवर बसलेलं सुखोई

नांदेड,
रविवार

प्रिय सुकन्या,

जयभीम. 'प्रिय' हा शब्द सवयीनं लिहून गेलाय, त्यावर जाऊ नकोस. मी इतकी चिडलेय की काल भाजीवाल्याशी भांडले, आज सकाळी चालू होईना म्हणून स्कूटीला लाथ घातली, आणि आता तुझी पाळी आहे. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या रेघा उमटतात आणि पुढं सामसूम. म्हणून कागद घेऊन बसलेय. हे शेवटपर्यंत वाचायचं. मध्येच घडी घालून पर्समध्ये कोंबलंस तर लातूरला येऊन तुझ्या दवाखान्यात पेशंटसमोर मोठ्यानं वाचून दाखवीन. माझा काही भरवसा नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात तुझं खोकं आलं. मला वाटलं, सुखोई विमानाचं मॉडेल जोडून झालं, रंगाला आलं. आपली रीतच ती. जोडणं तुझं, रंग माझा. तू लातुरात प्लॅस्टिकचे तुकडे चौकटीतून कापायचे, कानशीनं घासायचे, चिकटवायचे, दात भरतेस तसे सांधे बुजवायचे, आणि इकडं पाठवायचं. मी एअरब्रशनं रंग मारायचा, हवाई दलाची तिरंगी चक्रं आणि आकडे बसवायचे. एक विमान तुझ्या कपाटात, पुढचं माझ्या. मधल्या रस्त्यात काय काय झालं ते वेगळंच. तुझ्या मामेसासऱ्यांनी 'जपून नेतो' म्हणून खोकं एसटीच्या गरम बोनेटवर ठेवलं आणि लोहा गाव येईस्तोवर जग्वारचा पंख पापडासारखा वाकला, तेव्हापासून आपण ट्रॅव्हल्सवर आलो. तर हे खोकं उघडलं. वर अर्धवट सुखोई. त्याच्याखाली न फोडलेले सगळे किट. त्याच्याखाली तुझ्या कानशी, कटर, भिंगाचा दिवा. तुझं अख्खं टेबलच! आणि मोबाइलवर निरोप : 'सासूबाईंना घरात हा पसारा आवडत नाही. रोजची कटकट नको. मी थांबले. तू ठेव सगळं.' थांबले म्हणे! रस्त्यात भेटलेल्या बाईला टाटा करावा तसं.

तुला पहिलं विमान आठवतं का गं? आपण अकरावीला, नांदेडच्या त्या होस्टेलच्या खोलीत. माझे बाबा रेल्वेत, किनवटला. सिकंदराबादला गेले होते तेव्हा एका दुकानातून 'जहाजाचं खेळणं' म्हणून खोकं घेऊन आले. त्यांना वाटलं आत तयार विमान असेल. आत निघाले शंभर तुकडे आणि कसल्यातरी चिनी-जपानी भाषेतला कागद. मी रडायच्या बेतात, आणि तू मात्र तो कागद पलंगावर पसरून चित्रांवरून आकडे लावायला बसलीस. फिजिक्सची चाचणी होती दुसऱ्या दिवशी. आपण फेविक्विकनं चिकटवलं सगळं. आणि वैमानिकाच्या डोक्यावरची ती पारदर्शक काच बसवली, तशी वाफेनं पार धुरकट झाली, मोतीबिंदू झाल्यासारखी. तू म्हणालीस, लुंबिनी, तूच जास्त ओतलंस. मी म्हटलं, तूच हलवलंस. दोन दिवस बोललो नाही. पण तिसऱ्या दिवशी आपण दोघी मिळून सिकंदराबादच्या दुकानाला पत्र लिहीत होतो की नवीन काच मिळेल का. तेव्हापासून आजपर्यंत आपण कशाकशावर भांडलो, पण कुणी थांबलं नव्हतं.

तर मी तुझ्यावर चिडलेच नाही आधी. चिडले तुझ्या सासूबाईंवर. गुणाबाईंचं माझ्या डोक्यात खंडेनवमीपासून होतंच. तू चिमटे, आरसे, दात कोरायची हत्यारं पाटावर मांडली होतीस पूजेला. माझं मिराज विमान त्याच दिवशी रंगून पोचलेलं, तू ते शेजारी ठेवलंस आणि आत गेलीस. बाई म्हणाल्या, 'हे बी शस्तरच हाय की!' आणि ओलं कुंकू विमानाच्या नाकावर, हळद दोन्ही पंखांवर, वर झेंडूचं फूल. तो बिनचकाकीचा करडा रंग, त्यानं कुंकू असं पिऊन घेतलं की काय सांगू! मी फोनवर रडत होते आणि तू हसून हसून मरत होतीस. पुन्हा रंगवलं मी नाक, पण पत्र्याच्या सांध्यासारख्या ज्या बारीक रेघा असतात त्यातलं कुंकू काही निघालं नाही. तर म्हटलं, हीच ती बाई. हिनंच माझ्या मैत्रिणीचा एकुलता एक छंद हाणून पाडला. जी बाई दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून घर चालवते, तिला संध्याकाळी तासभर विमान जोडू देत नाही म्हणजे काय!

गुरुवारी मी पाटबंधारे खात्यातून रजा घेतली आणि लातूरला गेले. हो, गेले. तुला माहीत नाही, कारण तू दवाखान्यात होतीस आणि तुझ्या सासूबाईंनी तुला सांगितलेलं नाही. अख्ख्या रस्त्यात मी भांडणाची तयारी केली. शेजारच्या बाईनं विचारलं सुद्धा, ताई, काय पुटपुटायलाव. दार गुणाबाईंनीच उघडलं. 'शरणार्थी, ये बाई,' असा त्यांचा नेहमीचा लिंगायती नमस्कार केला, पाणी दिलं. मी तांब्या बाजूला ठेवला आणि सुरू झाले. म्हटलं, मावशी, तुमच्या घराण्याला शोभतं का हे? म्हटलं, सुनेची कमाई गोड लागते आणि तिची हौस डोळ्यांत खुपते? म्हटलं, ती खेळणी नाहीत. एकेका विमानाला सहा-सहा महिने लागतात. मी एवढं बोलले, एवढं बोलले, की खालचा भाडेकरू जिन्यात येऊन उभा राहिला.

म्हातारी माझं संपल्यावर उठली, मला हाताला धरून तुझ्या खोलीत नेलं आणि कपाट दाखवलं. आतली विमानं जागच्या जागी. एकावर धूळ नाही. सिद्धराम दाजींचा दाढीचा जुना ब्रश तिथं ठेवलाय, त्या रोज त्यानं झाडतात म्हणे, पंख धरून नव्हे, खालून उचलून, तू शिकवलंस तसं. आणि मग म्हणाल्या, 'माझ्या नावावर खपवलं व्हय तिनं? खपवू दे. पर बाई, तिचे हात कापायलेत गं. साल झालं. तुला बोलली न्हाई?'

'नाही बोलली,' म्हटलं. खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी कंपवात म्हटलंय. तू दात भरायला नवी मुलगी ठेवलीस आणि स्वतः नुसती तपासून सांगतेस. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस, तोही स्वयंपाकघरात पाठ करून. गोळ्यांनी उतार आहे, पण कधी आहे कधी नाही. आणि सुखोईची पुढची चाकं लावताना तीन वेळा तुटली, तेव्हा तू टेबलावरचं सगळं खोक्यात भरलंस आणि दार लावून घेतलंस. 'मी म्हटलं लुंबिनीला बोलीव, तर माझ्यावरच खेकसली,' म्हणाल्या. जाताना मला म्हणाल्या, मी सांगितलं म्हणून सांगू नको. मी काही कबूल केलं नाही. म्हणून सांगतेय. आणि त्यांना काही बोललीस तर याद राख. आजपासून मी त्यांच्या बाजूनं.

आता ऐक. तुला लाज कशी वाटली नाही सुकन्या? त्या बाईनं तुझी विमानं लेकरासारखी सांभाळली आणि तू तिला माझ्यासमोर खलनायिका केलंस! मी तिच्या दारात उभी राहून तिच्या घराण्यापर्यंत गेले, ते तुझ्यामुळं. तुझ्या कंपाउंडरला माहीत, त्या नव्या मुलीला माहीत, सोलापूरच्या डॉक्टरला माहीत. आणि मला? मला 'सासूबाईंना पसारा आवडत नाही'. माझ्या बाबांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तू माझ्या शेजारी फरशीवर झोपली होतीस. तेव्हा मी तुला म्हटलं होतं का, की जा बाई, माझं मी बघते? आणि तुझ्यावर वेळ आली तर तू मला खोकं पाठवून देतेस. म्हणजे काय, आपलं नातं तेवढंच होतं? तू कापायचं, मी रंगवायचं, आणि तुझा हात हलायला लागला की हिशेब मिटला? असं कुणी ठरवलं? एकटीनंच ठरवलंस ना? तुझ्या एकटीच्या डोक्यात मी एवढी हलकी बाई आहे का गं?

आणि माझं काय झालंय तेही ऐक. लातूरहून आले ती रागारागात टेबलाशी बसले. म्हटलं, हिच्यावाचून अडतंय का माझं, मीच जोडते. चाकं लावली. बरी लागली. नाकाचे दोन भाग चिकटवले, रबर लावून रात्रभर ठेवले, सांधा बुजवला, घासला. आणि टेबलावर ठेवलं, तर ते सुखोई हळूच मागं झुकून शेपटीवर बसलं, नाक वर करून. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. नाकात वजन भरायचं राहिलं! तू एक्स-रेच्या फिल्ममधला शिशाचा पातळ पत्रा गोळा करून ठेवायचीस, त्याच्या गोळ्या करून बंद करायच्या आधी नाकात दाबायचीस. इतकी वर्षं तू ते करत होतीस आणि मला कधी लक्षात ठेवायची गरजच पडली नाही. आता ते नाक बंद आहे. फोडावं तर सांधा तुटेल, रडार बसवतात ते टोक चिरेल. कुठून कापायचं ते मला कळत नाही. तुला कळतं. हात हलतो तुझा, डोकं हलत नाही. दोन दिवस ते ध्यान माझ्यासमोर शेपटीवर बसलंय आणि मी त्याला शिव्या देतेय.

तुझी कीव करायला मला वेळ नाही, आधीच सांगते. पूर्वीसारखं होईल असंही मी म्हणणार नाही. होणार नाही. तू आता बारीक काम करणार नाहीस, आणि त्याचं तुला किती लागलं असेल हे मला कळतंय. रडू येतं मला, अगं. पण तू शेजारी बसून सांगशील, इथून काप, तिथं थांब, तुला अक्कल आहे का. मी तुझं ऐकेन, उलट उत्तरं देईन, आणि कापेन. सुखोईत वैमानिकांच्या दोन बैठका आहेत, पुढं कोण आणि मागं कोण यावर आपण भांडलोय, ते भांडण अजून मिटलेलं नाही. तुझ्या कानशी, कटर, दिवा सगळं मी परत खोक्यात भरलंय. पण ट्रॅव्हल्सवर टाकणार नाही. मी स्वतः घेऊन येणार, किंवा तू ये.

आणि पत्रच का लिहिलं, ते आता सांगते. गुरुवारी तुझ्या घरून परत निघताना मी दवाखान्याबाहेर रस्त्याच्या पलीकडं अर्धा तास उभी होते. तू आत दिसत होतीस, काउंटरशी. आत यावं वाटलं, पण पाय उचलला नाही, कारण मला पाहून तू हात टेबलाखाली घेतले असतेस आणि हसून 'अगं, तू कशी काय!' म्हणाली असतीस. फोनवरही तेच करशील. टाइप केलेली अक्षरं तर सगळ्या जगाची सारखीच. म्हणून मी कागदावर लिहिलंय, आणि मला उत्तर कागदावर पाहिजे, तुझ्या हातचं. दाजींना सांगून लिहून घ्यायचं नाही, त्या नव्या मुलीलाही नाही. अक्षर वाकडं येऊ दे, ओळ घसरू दे, निम्मं मला नाही वाचता आलं तरी हरकत नाही. 'ये' एवढं एकच अक्षर लिहिलंस तरी चालेल. पण तो कंप सगळ्यांनी बघितलाय सुकन्या, फक्त माझ्यापासून लपवलास. तो मला बघू दे.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून चिडलेलीच,
लुंबिनी