गैरहजर हेमांगी

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
८ जुलै २०२४

ती. सरोजमावशीस,
दीप्तीचा शि. सा. न.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. हेमांगीच्या शाळेतून परत बोलावणं आलेलं. तिच्या वर्गाच्या कमलेश सरांच्या मते तिसरीत तिच्याइतकं आगाऊ कोणी नाही. मागून हाक मारली तर वळून बघत नाही, श्रुतलेखनात ‘पाटी’ची ‘काठी’ करते. उंच म्हणून बाक शेवटचा. सुदेश म्हणतो, नको ते ऐकायचं नाही हा गुण आईकडून आलाय. मी हसले, पण मन खातंय. तू एवढी वर्षं मुख्याध्यापिका होतीस, पोरीला काय शिक्षा करू ते कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी दीप्ती

ठाणे
१३ जुलै २०२४

चि. दीप्तीस,
अनेक आशीर्वाद.

शिक्षा तुलाच करायला हवी. पोर पाठमोरी असताना हळूच विचार, जिलबी हवी का? जिलबीलाही वळली नाही, तर तो आगाऊपणा नव्हे. मग शाळेत तपासणीसाठी लेखी अर्ज दे आणि पोच घे.

विशेष गरजा असलेल्या मुलांचा तक्ता दरवर्षी शाळेला भरावा लागतो. मी तो अकरा वर्षं भरला, सुवाच्य अक्षरात ‘निरंक’, म्हणजे असं मूल एकही नाही, लिहून. एकदा त्या टापटिपीबद्दल माझं कौतुकही झालं. त्याच वर्षी मालन नावाच्या मुलीला, ऐकत नाही म्हणून, मी तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. चौथ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. का, ते विचारायला मी तिच्या घरी गेले नाही. तेव्हा उशीर करू नकोस.

हेमांगीला पापा. तुझ्यावर आहे तोच लोभ.
सरोजमावशी

डोंबिवली
२६ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न.

जिलबीला वळली नाही गं. स्टीलचं ताट पाडलं, तेव्हा वळली. मी ओट्याशी तोंड करून रडून घेतलं.

मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या शाळेत असं कोणी नाही, यादी मागच्याच महिन्यात गेली. दोन तास हलले नाही, तेव्हा पोच मिळाली आणि कल्याणच्या शिबिराची चिठ्ठीही. आता ऐक. तपासणी कानांची, आणि दाराशी एक गृहस्थ तोंडाने नावं पुकारतायत! मी आधारची झेरॉक्स काढायला खाली गेलेले. त्यांनी म्हणे हेमांगीचं नाव तीनदा पुकारलं. पोर समोरच्याच खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघून हसत होती. त्यांनी लिहिलं, गैरहजर. तिला ऐकू येत नाही म्हणूनच तर आणलीय, असं मी भांडले. तर म्हणाले, की मग तसं आधी सांगायचं ना. पुढचं शिबिर डिसेंबरात.

माझा धीर सुटलाय. आशीर्वाद जरा जास्त पाठव.
दीप्ती

ठाणे
३० ऑगस्ट २०२४

चि. दीप्तीस,
आशीर्वाद.

डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही. सोमवारी कल्याणच्या कार्यालयात मीच येते आणि त्या गृहस्थांसमोर बसते. मला अजून नीट ऐकू येतं, आणि मोठ्याने बोलताही येतं.

डबा तूच आण. बाकी प्रेम आहेच.
सरोजमावशी

डोंबिवली
२० जानेवारी २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न.

त्या सोमवारचा तुझा अवतार सुदेश अजून शेजाऱ्यांना करून दाखवतो. तू उठेनास, म्हणून त्याच आठवड्यात तपासणी झाली, आणि गेल्या महिन्यात दोन्ही कानांची यंत्रं आली. पहिल्या दिवशी हेमांगी पंख्याकडे बघत राहिली. विचारलंन, हा नेहमीच आवाज करतो का? शाळेने फलकावर यंत्रं मिळाल्याचा फोटो लावलाय. मधोमध मुख्याध्यापक, कडेला अर्धी हेमांगी.

आता ती पहिल्या बाकावर आहे. शुक्रवारी सरांनी शेवटच्या बाकावरच्या ऐश्वर्याला, शेजारणीच्या वहीतून उतरवते म्हणून उभं केलं. हेमांगी उठली, तिला हाताला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि सरांना म्हणाली, की हिला फळा दिसत नाही, म्हणून ती वही बघते. सर चिडले. पण पहिल्या बाकावरून ऐश्वर्याने फळा घडाघडा वाचला.

काल रविवारी कमलेश सर घरी आलेले. ऐश्वर्याच्या डोळ्यांच्या तपासणीचा अर्ज करायचा होता, त्यात काय लिहायचं ते विचारत होते. मी चहा ठेवायला उठले. सर कोरा कागद घेऊन बसून राहिले. हेमांगी जवळ गेली आणि त्यांना म्हणाली, पहिलं लिहा, की ती आळशी नाही.

सरांनी ते लिहिलं.

सगळ्यांकडून नमस्कार. अशीच पाठीशी राहा.
तुझी दीप्ती