आहेराची भांडी घर सोडीनात

चि. सौ. गीताबाई हिला,

थोरल्या भावाचे, म्हणजे कडूबाचे, ओंजळभर आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली वाचशीलच. जावईबापूंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, तेल चोळून गुडघा बरा नाही झाला तरी अंगाला तेलाचा वास राहतो, आणि सून चार कामं कमी सांगते. (अनुभव आहे.) फोनच केला असता, पण मी फोनवर बोललो की खालच्या आळीपर्यंत ऐकू जातं, आणि हा मजकूर तुझ्या वहिनीच्या कानावर पडता कामा नये.

तर झालं असं. आपल्या पूनमला घरातल्या घरात शिवणकामाचा क्लास काढायचा आहे. सून गुणाची. या घरात आल्यापासून तिनं तोंड उघडून काही मागितलं नाही. आता मागितली ती आतली खोली. आणि राजकुमारनं एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "बाबा, खोली खाली होत नसन तर तसं सांगून द्या. आम्ही चिखलीत भाड्यानं पाहतो. मशीन काही मी डोक्यावर घेऊन बसनार नाही." एकुलता एक पोरगा घर सोडून जाणार, आणि कशापायी, तर गंज-पातेल्यांसारख्या भांड्यांपायी!

ती खोली तू पाहिलीच आहेस. म्हणजे दारातून पाहिली असशील, आत जायला वाट कुठे आहे? जमिनीपासून छतापर्यंत आहेराची भांडी. भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालून द्यायची ही चाल ज्यानं काढली, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. तुझी वहिनी आवरायला म्हणून एक पातेलं काढायची, पदरानं पुसायची, नाव वाचायची आणि ते मांडीवर घेऊन बसायची. मग त्या माणसाची सगळी कुळकथा. सकाळ गेली, भाजी करपली, पातेलं पुन्हा होतं तिथं. मी म्हटलं, "अवं, हा माणूस वारून जमाना झाला, दे ना आता त्याचं तपेलं." तर म्हणे, "म्हनूनच तं! तो काय आता दुसरं द्याले येनार हाये?" बरं, जिवंत माणसाचं देऊ म्हटलं तर, "अन् तो घरी आला अन् त्याच्याच गडव्यात पानी नाही देल्लं, तं काय वाटन त्याले?" म्हणजे जिवंताचं देता येत नाही कारण तो येईल, आणि मेलेल्याचं देता येत नाही कारण तो येणार नाही. यात मधल्यामध्ये मरतो कोण? मी.

शेवटी ही पिंपळगाव राजाला बहिणीकडे गेली तेव्हा मी डाव साधला. देवळात भंडारा होता. पोतंभर भांडी हातगाडीवर टाकली आणि गुपचूप स्वयंपाकाच्या मांडवात नेऊन ठेवली. कोणाला चकार शब्द बोललो नाही. (गुप्तदान. पुण्याचं पुण्य, जागेची जागा.) देवाच्या कामी लागली म्हटल्यावर हिला बोलायला तोंडच राहणार नाही, या खुशीत मी पंगतीला वरणसुद्धा वाढलं.

इथंच माझी अक्कल चरायला गेली. अगं, भंडाऱ्याला घरोघरची भांडी गोळा होतात, आणि पंगती उठल्या की नाव वाचून ज्याची त्याच्या घरी पोचवतात. सारं आयुष्य या गावात गेलं, पण ऐन वेळी आठवेल तर शपथ! मंडळींनी इमानदारीनं एकेक भांडं घासलं, नाव वाचलं आणि ज्यानं आहेर दिला होता त्याच्याच दारात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी हिचा भाऊ रंगराव हजर. खांद्यावर घागर, तोंड पुरणपोळीसारखं फुगलेलं. "दाजी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. बहिनीच्या लग्नातला आहेर कोनी असा वापस करते काय?" काय सांगू त्याला, कपाळ? आणि तो बिचारा भला माणूस, पहिला आहेर कमी पडला असेल असं समजून घागरीसोबत एक नवी स्टीलची कोठीही घेऊन आला होता! त्याच्यामागून बाकीचे. कोणी रागानं आदळून गेलं, कोणी रडून गेलं, आणि कितीजण वरून एखादं नवं भांडं ठेवून गेले. ही एसटीतून उतरून आली तर अंगणात लग्नघर! मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही, कागद जळेल. खोलीत मावेना ते ओसरीवर रचलं. राजकुमार मोबाइल कानाला लावून परसात गेला, आणि चिखलीतल्या खोलीला पंखा आहे की नाही हे विचारताना मी त्याला ऐकलं.

पोराबाळांना आशीर्वाद सांग. उन्हात फिरू नको.

तुझा दादा,
कडूबा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुझी पितळी परातही त्या पोत्यात होती. तिच्यावर तू नावासोबत गावही घातलेलं, म्हणून मंडळींनी ती तुमच्या धामणगाव बढ्याकडच्या जीपमध्ये चढवली असं कळलं. बाई, मी तुझा आहेर परत केलेला नाही. रागावू नको, आणि हात जोडतो, ती वापस पाठवू नको. एवढ्या खटाटोपात तेवढं एकच भांडं खरोखर घराबाहेर पडलं आहे.

दुसरं ता. क. पत्र खिशातच राहून गेलं, तोवर इकडे पूनमची मशीन आली. मशीन दारात आणि जागा नाही. पोरगा टेम्पोवाल्याला म्हणतो, तशीच चिखलीला घे. मी माझी खाट उचलली, भांडी सरकवून आतल्या खोलीत टाकली आणि माझी समोरची खोली सूनबाईला दिली. (हे आधीच सुचलं असतं तर रंगरावची कोठी तरी वाचली असती.) पोरं कुठं जात नाहीत. क्लास सुरू झाला. कूस बदलली की कोणाचा ना कोणाचा आहेर माझ्या अंगावर पडतो, एवढंच.

तिसरं ता. क. परात पाठवून दे. तुझी वहिनी बोलत काही नाही, पण भाकरी थापताना दुसऱ्या परातीशी भांडते आणि वाढताना माझ्याशी. मी मागितली असं मात्र तिला सांगू नको. तुलाच ठेवायला जागा नव्हती म्हण. त्यावर ती दोन शब्द बोलली तर ऐकून घे. तू तिकडे लांब आहेस, मला इथं तिच्याच हातचं खायचं आहे.