कच्च्या टाक्याची फीत

३ मार्च
चि. भाचीबाईस, मामाचे अनेक आशीर्वाद.
तुझ्या बाळंतपणासाठी तुझ्या आईला एकटीने विमानप्रवास जमावा, म्हणून तू सोपवलेली इंग्रजीची शिकवणी सुरू केली आहे. चाळीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर प्रवासाचा एक शब्द आणि त्याची व्याख्या. पाठांतर चोख आहे. मात्र काल मी विमानतळावरचा अधिकारी झालो आणि कुठे निघालात असे विचारले, तर तिने व्हॉयेजची, म्हणजे जलप्रवासाची, व्याख्या सांगितली.
लोभ आहेच, वाढण्यास जागाही आहे.
मामा

११ मार्च
ती. मामांस, शि. सा. न.
वाचून आमचे हे हसून बेजार झाले. मला हसू आले नाही. आई फोनवर म्हणाली की तोंड उघडताच चाळीसही शब्द दाराशी गर्दी करतात, त्यापेक्षा तिकीट रद्द कर. मामा, तिला विमानाने यायचे आहे, वादसभेत बोलायचे नाही. तुम्ही स्वतः कधी गावाची वेस ओलांडली नाहीत, म्हणून हे सांगावे लागते. वीस तारखेनंतर तिकीट परत करता येणार नाही, आणि मला त्या वेळी आईच हवी आहे.
रागवा, पण लोभ आटवू नका.
भाची

१९ मार्च
चि. भाचीबाईस, अनेक आशीर्वाद.
तुझा आक्षेप तपासला, मान्य आहे. मी शब्द वर्गवारीने लावले होते: वाहने एकीकडे, वेळा दुसरीकडे. तुझ्या आईने चिठ्ठ्या शिवणाच्या टेबलावर पसरल्या आणि ती म्हणाली की आज सगळ्या बाह्या, उद्या सगळ्या कॉलरी अशा शिवल्या तर गिऱ्हाईक उघडेच राहील. मग आपल्या उंबरठ्यापासून तुझ्या दारापर्यंत जे ज्या क्रमाने येईल, त्या क्रमाने तिने चिठ्ठ्या एका फितीवर कच्च्या टाक्याने शिवल्या: टॅक्सी, लगेज, चेक-इन, बोर्डिंग, ट्रान्सफर, शेवटी अरायव्हल. व्हॉयेज गाळला, वाटेत जहाज नाही, हे कारण. आज अधिकारी होऊन तासभर छळले. फितीवर बोट सरकवत ती उत्तरे देत राहिली. तिकीट राहू दे; मुदत उद्याची, म्हणून फोननेही कळवतो आहे.
मामा

६ एप्रिल
ती. दादास, धाकटीचा सा. न.
सुखरूप पोचले. विमान बदलताना फीत पर्समधून निघेना, पण तोवर शब्द बोटांत बसले होते. अधिकाऱ्याने का आलात विचारले. लेकीच्या बाळंतपणाला, एवढेच सांगितले. त्याने व्याख्या मागितली नाही. काल नात झाली. नाक तुझे आहे, आणि रडतेही मुद्द्याला धरून.
फीत टपालाने पाठवते आहे. तिच्यातली अरायव्हलची चिठ्ठी तेवढी उसवून पाळण्याशी ठेवली आहे. ती न्यायला तू ये. बाकीचे सारे क्रमाने लावलेलेच आहे.
तुझी धाकटी