ज्यांचा अंगठा उमटत नाही

३ मार्च, सोमवार

भिंगरे, आजी कामाला लागली हे लक्षात आहे ना, की तेही विसरलीस? पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं आणि रिकामं भांडं हातात धरून मी इथं कशाला आले असं भिंतीला विचारायचं, ही तुझी तऱ्हा. म्हणून ही वही. सांगते मी आणि लिहून घेतात शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई. त्यांची शाळा बंद पडली, मग त्याही इथं आल्या. मला अक्षर म्हणजे कागदावर मेलेली मुंगी. पण एक शब्द जरी गाळलात तरी पेन्सिलीच्या आवाजावरून ओळखेन, असं बाईंना बजावलंय. त्या हसल्या. तेही लिहा म्हटलं.

कारखाना झकास आहे. लांबच लांब खोली, उंच खिडक्या, ताजा चुना, दोन्ही अंगांना स्टुलांच्या रांगा. काम गुंतवळ सोडवायचं. फणीत अडकलेले बायकांचे केस पोत्यांतून येतात. ते बोटांनी मोकळे करायचे, खिळ्यांच्या फणीतून ओढायचे आणि लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या. पुढं त्यांचे टोप होतात. म्हणजे जगातल्या टकल्यांची अब्रू आता तुझ्या आजीच्या हातात! पगार चिमणीच्या चाऱ्याएवढा, पण सत्तरीच्या बाईला दुसरं कोण दारात उभं करतंय? तू दीड वर्ष अर्ज लिहून बोटं झिजवलीस, तरी तुला कुणी हुं की चूं केलं नाही. मला बघ, माझ्या पाठच्या बहिणीनं, तुझ्या धाकट्या आजीनं, हाताला धरून आणलं. ती इथं तीन वर्षं होती. निरोप घेताना गळ्यात पडून ढसाढसा रडली. वेडी कुठली.

आधी एक कागद होता. धाकटी चार यत्ता शिकलेली. तिनं वाचून दाखवला, मी अंगठा दिला. एक प्रत माझ्या गाठोड्यात आहे. शिवाय रोज सकाळी दाराशी काचेवर अंगठा टेकवायचा. हिरवा दिवा लागला की आत.

६ मार्च, गुरुवार

आम्ही मोजून एकवीस जणी, सगळ्या साठीच्या पुढच्या. माझ्यासमोर हसरी बसते. तिला उचकीसारखा खोकला आहे, आणि खोकून झालं की स्वतःच हसते. स्टुलं मात्र शंभराच्या वर, आणि गंमत अशी की रिकाम्या स्टुलांपुढच्या टोपल्यांतही दुपारपर्यंत जुड्या बांधून तयार! मुकादमिणीला विचारलं, तर म्हणे दुसऱ्या पाळीच्या बाया करून जातात. मास्तरीणबाई म्हणतात पाळी एकच आहे. मग केसच शहाणे झाले असतील, मी म्हटलं. तुझ्या आईच्या डोक्यावरचे काही कधी झाले नाहीत.

११ मार्च, मंगळवार

पाय आखडले म्हणून पलीकडच्या रिकाम्या स्टुलावर टेकले. स्टूल ऊबदार होतं, नुकतंच कुणी उठावं तसं. आणि मी बसले तशी कापडाची सळसळ झाली, कुणीतरी अंग चोरून बाजूला सरकलं. मी आपली सवयीनं म्हणाले, बसा हो, दोघी मावू. मास्तरीणबाई विचारत होत्या कुणाशी बोलताय. उठले आणि माझ्या जागी आले.

१४ मार्च, शुक्रवार

आज काचेनं मला ओळखलं नाही. तांबडा दिवा. मुकादमिणीनं अंगठा पुसला, पुन्हा टेकवला, तिसऱ्यांदा कुठं हिरवा. चाळीस वर्षं लोकांची भांडी घासली, राखेनं रेषा उरल्यात कुठं, असं सांगितलं तिला. ती हसली नाही.

हसरीची खाट घडी घालून भिंतीला लावली आहे. तिलाही चार दिवस आधी तांबडा, मग कसाबसा हिरवा दिवा लागत होता. कुठं गेली म्हणून विचारलं, तर सगळ्या म्हणतात, कोण हसरी? मास्तरीणबाईसुद्धा! मी त्यांना मागचं पान काढायला लावलं. त्यांच्याच अक्षरात हसरी होती, खोकल्यासकट. बाईंनी तीनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तिच्या रिकाम्या स्टुलावरून दुपारभर तो खोकला येत होता. टोपलीत जुड्या पडत होत्या. हसणं मात्र नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

गाठोड्यातला कागद मास्तरीणबाईंनी वाचला. वरचं सगळं धाकटीनं वाचलं होतं तसंच. शेवटच्या दोन ओळी तिनं गिळल्या होत्या. अंगठा उमटेनासा झाला की कामगार बाई कामावरच राहील, पगार, खाट आणि जेवण बंद. त्याआधी सख्ख्या नात्यातली बाई आपल्या जागी आणून दिली तर पहिलीची सुटका.

भिंगरे, धाकटीचा अंगठा जात आला होता. म्हणून तिला बहीण आठवली.

हिला मी कडेवर वागवलं. आई गेली तेव्हा माझ्या ताटातला अर्धा घास हिचा. मी चूल फुंकत राहिले आणि हिला शाळेत धाडलं. त्याच अक्षरांनी तिनं माझा गळा कापला. त्या दिवशी रडली, तेव्हा मीच तिची पाठ थोपटत होते. मीच!

आणि खाली एक नाव आहे. माझ्यानंतर कोण, त्या रकान्यात. बाईंनी ते हळू वाचलं. तुझं नाव. धाकटीनंच घातलंय.

१९ मार्च, बुधवार

मुकादमीण गोड बोलायला आली. नात रिकामीच बसलीय ना, तिलाही काम मिळेल, तुम्ही घरी जाल, दोघींचं भलं. धाकटीला निरोप गेलाय, रविवारी ती तुला घ्यायला येणार. पोरीनं आपल्या पायांनी यावं, एवढाच नियम आहे म्हणे.

मी म्हटलं, माझी नात आळशी आहे, विसराळू आहे, तुमच्या कामाची नाही. ती म्हणाली, विचार करा, अजून तीन-चार सकाळी आहेत तुमच्याकडे.

विचार केला. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं, घरचं अंथरूण, तुझ्या आईचा ओरडा — मग तुझी बोटं आठवली. ती इथं नकोत.

२१ मार्च, शुक्रवार

तीन वेळा तांबडा. मुकादमीण माझ्यातून आरपार बघत पुढच्या बाईला हाक मारून गेली. खाट घडी केली. वाटपात माझी ताटली नाही.

आता दिसतात त्या. सगळी स्टुलं भरलेली — शंभर, जास्तच. गालफडं बसलेली, बोटं चालूच. उठता येत नाही. बसलं की हात आपोआप — थांबवून पाहिले — थांबत नाहीत. हसरीनं माझ्याकडे बघून मान हलवली.

मास्तरीणबाई वहीमुळं मला विसरल्या नाहीत, पण म्हणतात माझा आवाज तुटतोय, मी दिसतच नाही. ऐकू येत नाही तिथं त्या नुसती रेघ मारतात. बाई स्टुलाशी कान आणतात, मी ओरडतेय. मला चार अक्षरं येत असती तर — पण शाळेत धाकटी गेली.

२२ मार्च, शनिवार

आपल्या गावातून पाणी आणणारा गाडीवाला आज येईल. वही बाई त्याच्या हाती — आजच वाच. चष्मा शोधत बसू नको.

धाकटी उद्या — रडेल, गळ्यात पडेल. काम आहे म्हणेल. दार उघडू नको. काम मिळालं नाही तरी चालेल, उपाशी — नाही, उपाशी नको, पण इथं —

बाई, लिहिताय ना? — मोठ्यानं सांगतेय —

आणि ऐक. इथं भूक जात नाही. सगळं गेलं, ती तेवढी — गाडीवाल्याकडे उकडलेले बटाटे पाठव. सालं काढून, आमच्यात दात कुणाला — मीठ वेगळ्या पुडीत. माझ्यापुरते नकोत, शंभर जणींना पुरतील इतके. बाईंच्या हाती दे म्हणावं, आम्ही — डबा त्याच्या हातात दे आणि तू त्याच्या गाडीत मुळीच —