बाई, शून्य वर असतं

बाई,

सकाळपासून मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता उलट उत्तर यायची भीती नाही, म्हणून आवाजही चढवला आहे. आतल्या खोलीतून आमच्या ह्यांनी विचारलं, कुणाशी बोलतेस गं? म्हटलं, आलेखाशी. ते काही अगदीच खोटं नव्हतं. केडगावच्या या घरात जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून मी विहिरींच्या पाण्याचे आलेख काढत बसले आहे. निवृत्त झाले तरी आपल्या पाथर्डीकडच्या काही गावांचं हे काम सोडवत नाही. आता त्याला कागद-पेन्सिल लागत नाही, लायब्ररी लागते. तुमची कपाटातली, कुलपातली लायब्ररी नव्हे. दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांचा हा गठ्ठा असतो. त्याला आकडे दिले की तो आलेख काढून देतो. आणि या गठ्ठ्याला, बाई, तुमचीच सवय आहे. न विचारता शून्य खाली ठेवतो.

विहिरीचं पाणी आम्ही काठापासून मोजतो, म्हणजे काठ हा शून्य. काठ वर असतो, पाणी खाली असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण या लायब्ररीला कळत नाही. ती काठ तळाशी नेते आणि पाणी डोक्यावर ठेवते. बरं, अक्ष उलटा करायची सूचना तिच्यात आहे. एका गावाच्या आलेखाला ती दिली की मुकाट्यानं उलटा होतो. मग शेजारी दुसऱ्या गावाचा आलेख लावला, त्यालाही तीच सूचना दिली, तर दोन्ही पुन्हा सुलटे! तिसरं गाव जोडलं की तिन्ही उलटे. मी चष्मा पुसला, संगणक बंद करून चालू केला, शिव्या दिल्या. नावं मराठीत लिहावीत तर नुसत्या रिकाम्या चौकटी. फॉन्ट बदलला तर 'विहीर'मधली पहिली वेलांटी 'व'ला सोडून 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसली. हाताखालच्या मुलाला फोन केला, तर तो हसत म्हणाला, "मॅडम, शून्य खालीच येणार, ते डिफॉल्ट आहे. राहू द्या की तसंच." राहू द्या की तसंच! हे वाक्य ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. कारण ते मी आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं होतं.

तुम्हाला आठवतं का ते वर्ष? पाऊस सलग दुसऱ्यांदा दगा देऊन गेला होता आणि अर्धं गाव ऊसतोडीला कोपरगावकडं निघून गेलं होतं. वर्गात बाकं रिकामी. तुम्ही नगरहून आलेल्या, इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एकट्या बाई. आलेख नुसता पुस्तकात कशाला शिकायचा, म्हणून तुम्ही आम्हाला गावच्या आडावर नेलं. दोराला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दर आठवड्याला दोर सोडायचा, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. ही कल्पना तुमचीच होती आणि ती फार चांगली होती. तेवढं श्रेय मी आजच्या रागातही देते.

आलेख काढायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं अक्षर बरं होतं. तिसगावच्या बाजारातून आणलेला मोठा चौकटीचा कागद मी पाटावर पसरला आणि शून्य वर मांडलं. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. आडाचा काठ वरच असतो, मग दर आठवड्याला रेघ खाली, आणखी खाली. बाजूला उभ्या अक्षरांत लिहिलं, 'पानी किती खोल गेलं'. तुम्ही तो कागद हातात घेतलात आणि तुमच्या कपाळावर आठी पडली. "आरंभबिंदू कुठं असतो? खाली, डाव्या कोपऱ्यात. पुस्तकात कधी वर पाहिलायस?" मी म्हणाले, "बाई, पन आडाचं त्वांड वर हाय ना." वर्ग फिस्सकन हसला. तुम्ही म्हणालात, "आलेख आहे हा, आडाचं चित्र नाही. आणि पाणी म्हण, पानी नव्हे. काय भाषा ही!" माझ्या हातात खोडरबर देऊन तुम्ही मला बाकावर उभं केलंत. 'पानी किती खोल गेलं' तुम्ही स्वतः लाल पेन्सिलीनं खोडलंत आणि वर शुद्ध मराठी लिहिलंत: 'पाण्याची खोली'.

बाई, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेल्या त्या दोन शब्दांनी काय केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पाणी खोल गेलं म्हटलं की आमच्याकडच्या शेळ्या वळणाऱ्या म्हातारीलाही कळतं की आता हाल आहेत. पाण्याची खोली वाढली म्हटलं की परक्या माणसाला वाटतं, भरपूर पाणी आहे, पोरांना पोहायला पाठवू नका. मी नवा आलेख काढला. शून्य खाली, रेघ चढती, अगदी देखणी. हेडमास्तरांनी तो कचेरीत लावला. मी एकदा तुम्हाला हळूच म्हटलं होतं, बाई, ही रेघ वर चाललीय, बघणाऱ्याला उलटं वाटंल. तुम्ही वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणालात, "राहू दे तसंच."

मग ती जीप. मी आजही ती जीप फाटकातून आत येताना बघते. टंचाईची पाहणी करायला साहेब आले आहेत. टँकर कोणत्या गावाला आधी द्यायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार आहे. ऊन मी म्हणतंय. पाटील म्हणतात, "साहेब, आडावर चला, डोळ्यानं बगा." साहेब रुमालानं मान पुसतात, खुर्चीत बसतात, आणि हेडमास्तर मोठ्या कौतुकानं भिंतीकडं बोट करतात, "आमच्या मुलींनी आठवड्याच्या आठवड्याला मोजलंय, साहेब." साहेब वाचतात, "पाण्याची खोली." रेघेवरून बोट वर नेतात. "अरे वा! खोली तर वाढत चाललीय. मग ओरड कशाची?"

मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी बोलले, बाई. "साहेब, पानी खाली गेलंय. लई खाली." हेडमास्तर खेकसले, "गप बस!" साहेब हसले. "बाळ, रेघ तर वर चाललीय." मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्हाला सगळं कळलं होतं, तुमचा चेहराच सांगत होता. एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी सांगितलेलं खोटं कोण म्हणणार होतं? तुम्ही पदर खांद्यावर सारखा केलात आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

टँकर शेजारच्या गावांना गेला. आमच्या बायका उन्हात ओढ्याच्या वाळूत झिरे उकरत बसल्या, त्यात माझी आईही. वाटीवाटीनं हंडा भरायचा. आणि गावाला चूक माझी दिसली, कारण आलेखाखाली नाव माझं होतं. झिऱ्यावर एक चुलती म्हणाली, "कशाला गं बया रेघ वर काढलीस? खाली काढाया हात मोडत हुता का?" खाली काढायला! मी खालीच काढली होती, बाई. त्या दिवसापासून माझं नाव 'उफराटी' पडलं. पोरं मला बघून पाटी उलटी धरायची.

तुम्ही आमच्या घरी आलात ती संध्याकाळ मला जशीच्या तशी दिसते. चुलीपुढं पोत्यावर बसलात, पातळाला राख लागेल म्हणून आईनंच तुमचा पदर सावरला. दूध नव्हतं, गुळाचा कोरा चहा दिला. तुम्ही पिशवीतून तुमचा स्वतःचा कंपास काढलात, पितळी कर्कटकाचा, आणि माझ्या हातात ठेवलात. आई म्हणाली, "बाई, ह्यो कंपास ऱ्हाऊ द्या. तुमी एकडाव पारावर येऊन सांगा, चूक पोरीची न्हाई म्हनून. लई रडती वो ती." तुम्ही कपात बघत म्हणालात, "सांगते." आई म्हणाली, "व्हय, सांगा. तुमचं ऐकत्यात." चहा संपला, तुम्ही गेलात, आणि पारावर कधीच आला नाहीत. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर तुम्ही नगरला बदली करून गेलात. टँकर उशिरानं का होईना, आला. माझं नाव मात्र लग्न होऊन गाव सुटेपर्यंत उफराटीच राहिलं.

तुमची नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती आणि हेडमास्तरांच्या एका शेऱ्यावर ती जाऊ शकत होती, हे मला पुष्कळ पुढं कळलं. घरी म्हातारे वडील होते म्हणे. असतील. मी समजू शकते. समजते आणि तरीही रागावते. माझी बाजू तुम्हाला साहेबांपुढं मांडता आली नाही, ठीक. पण पारावर तर साहेब नव्हते ना? तिथं माझ्या आईसारख्या बायका होत्या, त्यांचं तुम्हाला कसलं भय वाटलं? 'मी चुकले' हे तुम्हाला आमच्या पानी म्हणणाऱ्या माणसांपुढं म्हणवलं नाही, असंच मी धरून चालले आहे. खोटं असेल तर येऊन सांगा.

दुपारी लायब्ररीचा घोळ सापडला. शेजारी लावलेल्या सगळ्या आलेखांचा उभा अक्ष एकच असतो, सामाईक. मी प्रत्येक गावासाठी वेगळी सूचना देत होते आणि तो एकच अक्ष दर वेळी कोलांटी मारत होता. म्हणून गावं जोडीनं आली की सगळं सुलटं. सूचना एकदाच द्यायची, की झालं. वेलांटीही जागेवर आली. आता काठ वर आहे, रेघा खाली चालल्या आहेत, आणि अक्षाच्या बाजूला मी लिहिलं आहे, 'पानी किती खोल गेलं'. त्या मुलाला पाठवलं तर त्याचं लगेच उत्तर, मॅडम, शुद्धलेखनाची चूक राहिलीय. मी कळवलं, राहिलेली नाही, ठेवलेली आहे. हे आलेख उद्या गावोगावच्या पारावर लागणार आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं, कारण यात तुम्हाला शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या असत्या. पितळी कर्कटक अजून माझ्याकडं आहे. आणि एक सांगते, रागात आहे तरी सांगते. अक्ष उलटा करायची ती एक ओळ लिहिताना, या वयात, माझ्याच घरात, मी हात थांबवून दाराकडं बघितलं, तुम्ही आलात की काय म्हणून.